न्यूकॅसलचा कोळसा आणि राणीचे कोडे

गेल्या वर्षी गणेशोत्सवात मुलांच्या कोडी स्पर्धेची जबाबदारी मंडळाने माझ्या गळ्यात घातली. मी बांधकाम खात्यातला डिप्लोमावाला माणूस. नकाशे, अंदाजपत्रके आणि मोजमाप पुस्तिका यांतच माझी बावीस वर्षे गेली. कोडी म्हणजे काय मोठेसे, म्हणून मी हो म्हटले आणि वीस कोडी टाईप करून आणली. पहिले कोडे अर्धे वाचून होते न होते तोच समोरच्या चार मुलांनी एका सुरात उत्तर सांगितले. दुसऱ्याचेही तेच. वीसच्या वीस कोडी त्यांच्या फोनवर महिनाभर आधीच येऊन गेली होती. दहा मिनिटांत स्पर्धा संपली, बक्षिसे कोणाला द्यायची यावर पालकांचे वादही झाले, आणि मी घरी येऊन गुपचूप जेवलो.

त्या रात्री आजीची आठवण झाली. आमचे घराणे पाच पिढ्या बडोद्यात आहे. दांडियाबाजारातल्या जुन्या घरी दिवे गेले की आजी आम्हा नातवंडांना जवळ घेऊन हुमाण घालायची. तिचा शब्द हुमाण, आईचा उखाणा, आमचा कोडे. तिची कोडी तिने कधी लिहून ठेवली नाहीत. आज मला त्यातली चार-पाच आठवतात, तीही अर्धीमुर्धी. मग मनात आले की जगात कोणी तरी आपल्या घरच्या मुलांसाठी कोडी हाताने लिहून, वही शिवून ठेवली असतीलच. सयाजीराव महाराजांनी १९१० साली उभ्या केलेल्या सेंट्रल लायब्ररीत रविवारी जाऊन बसू लागलो. इंग्रजी माझे बेताचेच, शेजारी डिक्शनरी ठेवून वाचायचे. वाचता वाचता जाऊन पोचलो तो थेट व्हिक्टोरिया राणीच्या विलायतेत, तिथल्या सरदार-उमरावांच्या घरांत. तिथे जे सापडले ते यंदाच्या स्मरणिकेत सांगतो.

आधी ते घर डोळ्यांपुढे आणू. व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. त्या काळचा इंग्रज उमराव म्हणजे हजारो एकर जमीन, पन्नास-साठ खोल्यांचा वाडा आणि नोकरांची पलटण. मुले राहत वरच्या मजल्यावर, वेगळ्या दालनात. त्यांना भरवायला दाई, कपडे घालायला मोलकरीण, शिकवायला शिक्षिका. आईबापांची भेट दिवसातून एकदा: संध्याकाळी चहानंतर मुलांना न्हाऊमाखू घालून, केस विंचरून खाली दिवाणखान्यात आणीत आणि तासाभराने परत वर नेत. आपल्याकडे वाड्यात आजी, आत्या, काकू, चुलत भावंडे यांच्या गलबल्यात वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. मला तर वाचताना त्या मुलांची दयाच आली. पण त्या एका तासासाठीच ह्या वह्या जन्माला आल्या. तासभर मुलांशी काय बोलायचे, हा मोठ्यांचाही प्रश्न होताच की!

वही करणारे हात बहुधा बायकांचे. आई, अविवाहित मावशी किंवा आत्या, नाही तर घरातली शिक्षिका. १८५१ च्या शिरगणतीच्या वेळी इंग्लंडात अशा घरगुती शिक्षिका सुमारे २५ हजार होत्या. बऱ्या घरातल्या, शिकलेल्या पण पैसा नसलेल्या ह्या मुली. त्यांचे जेवण नोकरांबरोबर नाही आणि मालकांबरोबरही नाही, ताट वर खोलीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी वह्या केल्या आणि त्यावर स्वतःचे नाव बहुतेकींनी घातले नाही.

करण्याची रीत साधी. चांगल्या जाड कागदाचे ताव दुमडायचे, पाठीवर सुईदोऱ्याने टाके घालायचे, पुठ्ठ्याला रेशमी फीत लावायची. एका पानावर वळणदार अक्षरात कोडे, कडेने जलरंगात वेलबुट्टी. उत्तर त्याच पानावर लिहिले तर मजा जाते, म्हणून ते शेवटी क्रमवार, नाही तर उलटे लिहायचे. पुढे रंगीत छापील चित्रांचे तुकडे बाजारात मिळू लागले, ते कापून चिकटवायचे. कागदावरचा कर १८६१ मध्ये उठला, कागद स्वस्त झाला. त्याआधी १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले होते. त्यामुळे दूरची मावशी एका पत्रात कोडे घालू शके आणि उत्तर पुढच्या पत्रात पाठवू शके. मधल्या आठवड्यात मुलांचा जीव टांगणीला!

हा नाद राणीच्या आधीपासूनचा. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ ह्या १८१५ च्या कादंबरीत दोन मैत्रिणी कोडी जमवून सुबक वही सजवतात, आणि त्यातल्या एका कोड्यावरून प्रेमाचा चांगलाच घोटाळा होतो. ऑस्टिनच्या घरात सगळेच कोडी रचीत. त्या घरगुती कोड्यांचे छोटे पुस्तक पुढे १८९५ मध्ये छापले गेले.

कोड्यांचे प्रकार अनेक, सगळे सांगत बसत नाही. एक मात्र मला फार आवडला. त्यात शब्दाचे तुकडे करतात: माझा पहिला भाग अमुक, दुसरा भाग तमुक, पूर्ण मी कोण? मराठीत करून पाहिला. पहिला भाग शंकराच्या गळ्यात, दुसरा पावसाळ्यात विश्वामित्रीला येतो, आणि पूर्ण शब्द म्हणजे संत्र्यांचे गाव. (नागपूर. हे मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत घातले, तर गुजराती सहकाऱ्यांनीही चटकन ओळखले.) दुसरा प्रकार चित्रांचा. इंग्रजीत ‘मी’ आणि ‘डोळा’ यांचा उच्चार एकच, ‘प्रिय’ आणि ‘हरीण’ यांचाही जवळजवळ एकच. तेव्हा पत्राच्या सुरुवातीला हरीण काढले की झाले ‘प्रिय’. वाचता न येणारे पोरही निम्मे पत्र वाचून दाखवी.

आता खुद्द राणीकडे वळू. तिचे बालपण केन्सिंग्टन राजवाड्यात, आईच्या आणि लेत्सेन नावाच्या जर्मन शिक्षिकेच्या पहाऱ्यात गेले. बरोबरीची मुले फारशी नाहीत. त्या दोघींनी मिळून लाकडी बाहुल्यांना हाताने शिवलेले कपडे घातले. बाहुल्या किती? १३२. त्यांची नावानिशी यादी एका वहीत लिहून ठेवलेली आहे. (आमच्या खात्यातल्या साठा-नोंदवहीपेक्षा ती नीटनेटकी असावी.) पावणेअकरा वर्षांची असताना तिने एका लाल वहीत शाळेत जाणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिली आणि आईला अर्पण केली. स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलीने शाळेची गोष्ट लिहावी, हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. ती गोष्ट २०१५ साली पुस्तकरूपाने निघाली, चित्रांसाठी तिच्याच लहानपणीच्या कागदी बाहुल्या वापरून.

हीच मुलगी पुढे नऊ मुलांची आई झाली. तिने आपल्या मुलांसाठी एक कोडे रचले, असे त्या काळी सांगत. ‘विंडसरचे कोडे’ म्हणून ते प्रसिद्ध झाले. राणीनेच रचले की दरबारातल्या कोणी, याची शपथ मी घेणार नाही. पण लोकांनी ते राणीचे म्हणूनच उतरवून घेतले, आणि १८६१ मध्ये शार्लट एलायझा केपल ह्या बाईंनी त्याच धर्तीच्या कोड्यांचे अख्खे पुस्तक काढले. नावही ‘व्हिक्टोरियन एनिग्माज’, म्हणजे शेकोटीपाशी बसून सोडवायची विंडसरी कोडी.

कोडे असे. नऊ नावे ओळखायची आणि एकाखाली एक लिहायची. इटलीतले शहर: नेपल्स. जर्मनीतली नदी: एल्ब. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतले गाव: वॉशिंग्टन. उत्तर अमेरिकेतले गाव: सिनसिनाटी. हॉलंडमधले गाव: अ‍ॅम्स्टरडॅम. कॉन्स्टँटिनोपलचे तुर्की नाव: स्तंबूल. बॉथ्नियातले गाव: टॉर्निया, जे आज फिनलंडात आहे. ग्रीसमधले गाव: लेपांटो. आणि पृथ्वीच्या गोलावरचे एक वर्तुळ: एक्लिप्टिक, म्हणजे आपल्या पंचांगातले क्रांतिवृत्त.

आता वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या आणि ही नावे इंग्रजीत लिहा. पहिली अक्षरे वरून खाली वाचा: एन, ई, डब्ल्यू, सी, ए, एस, टी, एल, ई. झाले न्यूकॅसल. मग शेवटची अक्षरे घ्या, पण खालून वर: सी, ओ, ए, एल, एम, आय, एन, ई, एस. म्हणजे कोल माइन्स, कोळशाच्या खाणी. पहिल्या रांगेत गाव आणि शेवटच्या रांगेत ते गाव कशासाठी प्रसिद्ध ते!

मी हे पहिल्यांदा सोडवले तेव्हा लायब्ररीत मोठ्याने ‘वा!’ म्हणालो आणि समोरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिले. रचना खरोखर पक्की आहे. आठ नावे नकाशावरची, नववे आकाशातले. मुलाला नकाशा उघडायलाच लावते. असल्या दुहेरी कोड्यांचे त्या काळी वेडच लागले. १८५६ पासून ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये ती छापून येऊ लागली, घरोघरच्या वह्यांत उतरली. उभ्याआडव्या अक्षरांची ही गंमत पुढे बदलत बदलत १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात शब्दकोडे होऊन अवतरली. रविवारच्या पुरवणीत आपण डोके खाजवतो ते त्याचेच वंशज.

पण घरी आल्यावर ते उत्तर डोक्यातून जाईना. कोळशाच्या खाणी. मी बांधकामातला माणूस, जमिनीखाली काम करणारे मजूर मी रोज पाहतो. गटाराच्या खोल चरात उतरलेल्या माणसाचा आवाज वर कसा येतो ते मला माहीत आहे. म्हणून त्या खाणींविषयी वाचले.

राणीची थोरली मुलगी जन्मली १८४० मध्ये, थोरला मुलगा १८४१ मध्ये. त्यानंतरच्याच वर्षी, १८४२ मध्ये, खाणींतल्या बालमजुरांविषयीचा सरकारी चौकशी अहवाल संसदेपुढे आला. त्यात चित्रे होती, आणि वाचण्यापेक्षा ती पाहूनच लोक हादरले. पाच-सहा वर्षांची मुले खाणीत हवा खेळती ठेवणाऱ्या दारांपाशी काळोखात बसवलेली. कोळशाचा गाडा आला की दोरी ओढून दार उघडायचे, गेला की सोडायचे, असे दिवसाचे बारा बारा तास. त्याहून मोठी मुले-मुली कमरेला साखळी बांधून, हातापायांवर रांगत गाडे ओढताहेत. त्याच वर्षी कायदा झाला: स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना खाणीत उतरवायचे नाही. १८६० च्या कायद्याने ते वय बारा केले, पण एक सवलत ठेवली. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला लिहिता-वाचता येत असेल, तर तो खाली जाऊ शकतो.

हे दोनदा वाचले. वाड्यातल्या मुलाला अक्षर येऊ लागले की त्याच्या हाती कोड्याची वही. खाणकाम्याच्या मुलाला अक्षर येऊ लागले की दोन वर्षे आधी खाणीत जायची परवानगी. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, निदान त्या निमित्ताने तरी बाप मुलाला शिकवतील असे त्यांना वाटले, हे मला कळते. सरकारी नोकरीत राहून नियमांमागचे हेतू समजायला लागतातच.

आणि त्या वाड्यांत शेकोटी पेटत होती ती कोळशाचीच. कोडे सोडवणारी मुले ज्या उबेत बसली होती, ती उबच त्या कोड्याचे उत्तर होती. कोडे रचणाऱ्याच्या हे मनात असेल असे मला वाटत नाही. न्यूकॅसल म्हटले की कोळसा, हे इंग्रजांच्या जिभेवर इतके बसलेले होते की त्यात कोणी माणसे पाहत नव्हते.

माणसे दिसली ती लवकरच. १४ डिसेंबर १८६१ रोजी राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला. ती काळी वस्त्रे घालून ऑस्बर्नच्या वाड्यात जाऊन बसली. महिनाभराने, १६ जानेवारी १८६२ ला, न्यूकॅसलच्या उत्तरेला हार्टली गावच्या खाणीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाची प्रचंड लोखंडी तुळई तुटली आणि खाणीच्या विवरात कोसळली. खाली जायला-यायला तेवढे एकच विवर. ते ढिगाऱ्याने बुजले. वर बायामाणसे बर्फाळ थंडीत उभी, खाली माणसे आणि मुलगे अडकलेले. वाट मोकळी व्हायला सहा दिवस लागले, आणि तोवर विषारी वायूने सगळे संपले होते. एकंदर २०४ गेले. एकेका घरातले बाप, मुलगे आणि भाऊ एकदमच. राणीने ऑस्बर्नहून विचारपूस केली, मग सांत्वनाचा निरोप धाडला. स्वतः नुकत्याच विधवा झालेल्या बाईने तिथल्या विधवांना धाडलेला तो निरोप होता. त्याच वर्षी कायदा झाला की प्रत्येक खाणीला दोन वाटा हव्यात. आम्हाला डिप्लोमाला आणीबाणीच्या वाटेचे नियम पाठ करायला लावले होते. ते कशातून येतात हे कोणी सांगितले नव्हते.

ह्याच १८६२ सालच्या जुलैत, चार तारखेला, ऑक्सफर्डजवळ नदीत एक होडी चालली होती. होडीत गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, एक मित्र आणि कॉलेजच्या डीनच्या तीन मुली. डॉजसन म्हणजेच आपले ‘अ‍ॅलिस’वाले लुईस कॅरल. हा गृहस्थ अकरा भावंडांतला. लहानपणी यॉर्कशरमधल्या घरी भावंडांसाठी हाताने लिहिलेली मासिके काढायचा, त्यात कविता, चित्रे, कोडी. त्या दिवशी होडीत सांगितलेली गोष्ट मधल्या मुलीने, अ‍ॅलिसने, लिहून मागितली. त्याने ती स्वतःच्या अक्षरात लिहिली, ३७ चित्रे काढली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये तिला भेट दिली. वहीचे नाव ‘अ‍ॅलिसची जमिनीखालची साहसे’. छापील पुस्तक नंतरचे. ती वही अ‍ॅलिसने म्हातारपणी, १९२८ मध्ये, लिलावात विकली. किंमत आली १५,४०० पौंड. वही अमेरिकेत गेली आणि १९४८ मध्ये तिथल्या लोकांनी ती इंग्लंडला परत भेट दिली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. छापील पुस्तकात कावळा आणि लिहिण्याचे मेज यांच्यातले साम्य विचारणारे एक कोडे आहे, आणि त्याला उत्तरच नाही! लोकांनी तीस वर्षे पत्रे लिहून भंडावले, तेव्हा १८९६ मध्ये त्याने एक उत्तर जोडून दिले.

आता योगायोग पाहा. अ‍ॅलिसचे आडनाव लिडेल. तिचे वडील डीन लिडेल हे लॉर्ड रेव्हन्सवर्थ यांचे पुतणे. आणि रेव्हन्सवर्थचे लिडेल म्हणजे न्यूकॅसलच्या परिसरातले बडे कोळसा-मालक! जॉर्ज स्टीफनसनने १८१४ मध्ये पहिले वाफेचे इंजिन बांधले ते ह्याच लॉर्ड रेव्हन्सवर्थ आणि भागीदारांच्या पैशावर, त्यांच्याच खाणीतला कोळसा ओढायला. ‘जमिनीखालची साहसे’ हे नाव कॅरलला सुचले तेव्हा त्याच्या मनात सशाचे बीळ होते, खाण नव्हती. पण ते नाव वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हार्टली येते, त्याला इलाज नाही.

दुसरा असाच वल्ली म्हणजे एडवर्ड लियर. एकवीस भावंडांतला विसावा. लिव्हरपूलजवळ नोझली इथे अर्ल ऑफ डर्बी यांचा वाडा आणि त्यात खासगी प्राणिसंग्रहालय. तिथले पशुपक्षी रंगवायला विशीतला लियर १८३० नंतर जाऊन राहिला. सुरुवातीला त्याचे जेवण नोकरांबरोबर. म्हाताऱ्या अर्लच्या ध्यानात आले की जेवण होताच नातवंडे टेबलावरून पळ काढतात. कुठे जाता विचारले तर उत्तर आले: खाली, त्या चित्रकाराकडे. मग अर्लने त्यालाच वर बोलावून घेतले, अशी गोष्ट सांगतात. त्या मुलांसाठी त्याने कागदांवर चित्रे काढून खाली निरर्थक पद्ये लिहिली. त्यांचे पुस्तक १८४६ मध्ये निघाले, आणि त्याच वर्षी तो राणीला चित्रकला शिकवायलाही गेला. मित्रांच्या मुलांसाठी तो मुळाक्षरांच्या सचित्र वह्या हाताने करून देई, आणि मित्रांना पत्रे लिही ती गोगलगायीसारखी गोल गोल फिरणारी.

हे मी बडोदेकरांना का सांगतोय? तर हा लियर १८७३ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरला, साठी ओलांडलेला, दमेकरी. त्याला बोलावले होते व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी. वर्षभर हिंदुस्थानात फिरून त्याने चित्रे काढली. धोबी, पंखा असले आपले शब्द घेऊन, त्यांचे भलतेच अर्थ करून रचलेली त्याची एक कविता १८७४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली. आणि नॉर्थब्रुक कोण? १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढणारे तेच! त्या वेळी लंडनला हिंदुस्थानचे मंत्री होते लॉर्ड सॉल्झबरी. ह्या सॉल्झबरींच्या हॅटफील्डच्या वाड्यात नववर्षाच्या सुट्टीत पाहुणा म्हणून जाऊन त्यांच्या मुलांना गोष्टी सांगणारा कोण? आमचा कॅरल.

म्हणजे ज्या दोन साहेबांनी बडोद्याचे भवितव्य ठरवले, त्यातल्या एकाचा मित्र लियर आणि दुसऱ्याच्या पोरांचा लाडका कॅरल. मल्हाररावांवर रेसिडेंट फेअर यांना विष घालण्याचा आरोप होता. चौकशी मंडळाचे सहा सभासद तीन विरुद्ध तीन असे फुटले, आरोप सिद्ध झाला असे एकाही हिंदी सभासदाने म्हटले नाही, तरी ‘गैरकारभार’ म्हणून राजा गेला. ह्या कोड्याचे उत्तर आधी ठरले आणि प्रश्न नंतर रचला, असे आमचे आजोबा म्हणत. पुढच्याच महिन्यात जमनाबाई राणीसाहेबांनी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. त्या मुलाला तोवर अक्षर येत नव्हते. त्याने पुढे काढलेल्या लायब्ररीत बसूनच मी हे सगळे वाचले.

शेवटी एक कोडे, जे मी यंदा उचलले आहे. बिशप विल्बरफोर्स यांच्या नावावर ते चालते. एका माणसाजवळ सतत काय काय असते त्याची यादी: एक पेटी, दोन झाकणे, दोन टोप्या, दोन नगारे, सुताराचे खिळे, दोन विद्यार्थी, दोन वासरे आणि बरेच काही. हे सगळे म्हणजे आपले शरीर. छाती, पापण्या, गुडघे, कान, नखे, बुबुळे, पोटऱ्या. इंग्रजीत त्यांना तेच शब्द आहेत. मराठीत हे भाषांतर करायला गेलो आणि तोंडावर पडलो. खिळ्याला आपण नख म्हणत नाही. मग बायको म्हणाली, ‘अहो, आपले शब्द घ्या ना!’ आणि ते धडाधड सुचू लागले. दोन बाहुल्या ज्या खेळण्यातल्या नाहीत, दोन वाट्या ज्यांत आमटी वाढता येत नाही, दोन पडदे जे खिडकीला नाहीत, दोन पाळ्या ज्यांचा नंबर कधी लागत नाही, आणि एक पाठ जो शाळेत शिकवत नाहीत. डोळे, गुडघे, कान, पुन्हा कान, आणि पाठ. घरात मुलीने आणखी तीन काढले, ते इथे सांगत नाही.

तर यंदा स्पर्धेची कोडी टाईप केलेली नाहीत. चाळीस पानांची वही आहे, शिवण बायकोची, वेलबुट्टी मुलीची, अक्षर माझे. खाडाखोड नाही, मोजमाप पुस्तिकेची सवय. आजीची आठवणारी चार कोडी पहिल्या पानावर आहेत. ज्यांना आणखी आठवत असतील त्यांनी रिकाम्या पानांवर लिहावीत, खाली घरातल्या ज्या बाईकडून ऐकले तिचे नावही घालावे. विंडसरच्या धर्तीवर केलेले एक कोडे इथेच देतो. तीन शब्द ओळखा. एक: सदऱ्याला असते, तुटले की आई आठवते. दोन: पावागढला गेलात तर हा चढलात. तीन: हा आहे तोवर आपण आहोत. पहिली अक्षरे वरून खाली वाचा (दुसऱ्यातला अनुस्वार सोडून द्या), गाव मिळेल. शेवटची अक्षरे खालून वर वाचा, एक प्राणी मिळेल, ज्याचे चित्र इंग्रज लोक पत्राच्या सुरुवातीला काढीत. उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर आहे, उलटे लिहिलेले. वही मांडवात डाव्या हाताला, प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे.